डिस्पॅचची एक्सेल बंद करण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रबाळे एमआयडीसीतल्या साडेतीनशे माणसांच्या रसायन कारखान्यात तुम्ही दोन महिन्यांपूर्वी आयटी प्रमुख म्हणून रुजू झालात. कंपनीत ईआरपी आहे, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशोब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर. तरी डिस्पॅच (माल रवाना करणारा विभाग) स्वतःच्या एक्सेलवर चालतं, क्यूसी लॅबचा (मालाचा दर्जा तपासणाऱ्या लॅबचा) वेगळा ॲक्सेस डेटाबेस आहे, एचआरने हजेरीचं ॲप परस्पर विकत घेतलंय आणि सेल्सवाले गूगल शीटवर भाव ठरवतात. डिस्पॅचची फाइल ज्यांनी बांधली ते काका येत्या मार्चअखेर निवृत्त होतायत. संचालकसाहेब म्हणतात, तीन महिन्यांत हे सगळं बंद करा आणि ईआरपीत आणा. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

बंद करण्यापासून सुरुवात करू नका. वागळे इस्टेट ते महापे या पट्ट्यात मी चोवीस वर्षं हेच काम करतेय आणि ‘तीन महिन्यांत बंद करा’ हा हुकूम मी स्वतः एकदा तंतोतंत पाळलाय. त्याचं काय झालं ते आधी सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं मी तिथे शिकले.

साल २००९. महाप्याची एक इंजिनिअरिंग कंपनी. ईआरपी नुकतंच लागलं होतं आणि डिस्पॅचकडे एक जुनी एक्सेल होती, तिथल्याच एका माणसाने बांधलेली, अकरा कॉलमची. मी त्या अकरा कॉलमांची यादी केली, प्रत्येकासमोर ईआरपीतलं फील्ड लिहिलं, अकराच्या अकरा जुळले. एक तारखेला आम्ही ती फाइल त्यांच्याकडून काढून घेतली. पहिल्याच आठवड्यात न्हावा शेव्याला जाणारे दोन कंटेनर गेट कट-ऑफच्या (बंदरात माल आत घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) आत पोचले नाहीत आणि शट आउट झाले, म्हणजे जहाज त्यांना न घेताच गेलं. पुढचं जहाज आठवड्याने. ग्राहकाला काय सांगायचं हे सेल्सने मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॉलम सगळे आले होते, पण रंग आले नव्हते. त्या शीटमध्ये पिवळी ओळ म्हणजे ट्रान्सपोर्टरला सांगितलंय पण गाडी आलेली नाही. हिरवी म्हणजे गाडी गेटवर उभी आहे. नारिंगी म्हणजे माल भरलाय, पण सीएचएकडून (कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटकडून) कागद यायचेत. शिवाय काही सेलना कॉमेंट लावलेल्या होत्या: या पार्टीच्या गोडाउनला चारनंतर माल उतरवत नाहीत, ठाण्यातून जाणारी गाडी अवजड वाहनांच्या बंदीची वेळ बघून काढायची, या ट्रान्सपोर्टरची बिल्टी हातात आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. हे त्या माणसाने सात-आठ वर्षांत, एकेक फटका खाऊन लिहिलं होतं. ईआरपीत रंगाला फील्ड नव्हतं, म्हणून मला तो रंग शोभेचा वाटला. संध्याकाळी पाच वाजता त्या माणसाला एका नजरेत कळायचं की आज कुठल्या चार गाड्यांच्या मागे लागायचंय. मी त्याची ती नजरच काढून घेतली होती.

पुढचं मला जास्त लागलं. दीड महिन्याने त्याच माणसाच्या शर्टाच्या खिशात पेन ड्राइव्ह दिसला. त्यांनी मुलाच्या लॅपटॉपवर रात्री बसून शीट परत बांधली होती, रोज पेन ड्राइव्हवरून आणायचे आणि घरी न्यायचे. पूर्वी ती फाइल सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये होती, रोज रात्री तिचा बॅकअप व्हायचा. आता कंपनीचं सगळं डिस्पॅच ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत कुणाच्या तरी खिशातून प्रवास करत होतं आणि आयटीच्या अहवालात मात्र ‘बंद केले’ असं लिहिलेलं होतं. ते माझ्याच सहीचं होतं. त्या माणसाला आज्ञा मोडायची हौस नव्हती, त्याला गाड्या बाहेर काढायच्या होत्या.

आमच्या व्यवसायात याला दोन नावं आहेत. आयटीला न कळवता चालतं ते ‘शॅडो आयटी’. विभाग उघडपणे, आयटीच्या माहितीने आणि ठरलेल्या जबाबदारीने स्वतः चालवतो ते ‘बिझनेस-मॅनेज्ड आयटी’. तंत्र दोन्हींकडे तेच असतं: तीच एक्सेल, तोच ॲक्सेस, तेच ॲप. फरक इतकाच की एकात ती कुणाची आहे, कुठे आहे, बंद पडली तर काय करायचं, हे लिहिलेलं असतं. तुमच्या तीन महिन्यांचं उद्दिष्ट हे ठेवा: जे लपून चालतंय ते उघडं व्हावं. बंद काय करायचं, हलवायचं काय, हे त्यानंतर ठरेल, आणि त्यातलं बरंच हलवावं लागणारच नाही.

विभाग हे का करतात, याचा राग न धरता विचार करा. ईआरपीत एक रिपोर्ट वाढवायचा तर चेंज रिक्वेस्ट, व्हेंडरचं कोटेशन, मंजुरी, चाचणी. मार्च आला की सगळं गोठवलेलं. कायदा मात्र आयटीच्या रांगेत उभा राहत नाही. ई-इनव्हॉइसचं, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याचं बघा. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीला ते लागू झालं, मग टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आलं. ठाणे-बेलापूर औद्योगिक (टीटीसी) पट्ट्यातल्या किती लहान कारखान्यांत ते काम अकाउंट्सच्या एखाद्या मुलीने निभावलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एक्सेलमध्ये बिलांची यादी, मॅक्रोने (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या आज्ञांनी) पोर्टलला हवी तशी जेसन फाइल, पोर्टलवर अपलोड, परत आलेला आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, बिलावर. तिने ते केलं नसतं तर त्या दिवशी गाडी गेटबाहेर पडली नसती. अशा फाइलकडे आयटीने आधी आदराने बघावं, मगच तपासनीसाच्या नजरेने.

तपासायला मात्र हवंच, कारण धोका खरा आहे. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या आकडेवारीतून गळली. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस स्वरूपात भरली जात होती. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागा नसते, आणि एका रुग्णाला अनेक ओळी लागत. उरलेल्या ओळी नुसत्या कापल्या गेल्या. परिणाम असा की त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना वेळेत सावध करता आलं नाही. नव्या स्वरूपात ही मर्यादा १०,४८,५७६ ओळी आहे, पण मर्यादा आहेच. दुसरं उदाहरण जे. पी. मॉर्गन या अमेरिकन बँकेचं, २०१२ सालचं, सुमारे ६.२ अब्ज डॉलरच्या तोट्याचं. तोट्याची मूळ कारणं सौद्यांत होती, पण जोखीम मोजण्याचं जे नवं गणित वापरात आलं होतं ते अनेक एक्सेल शीटमधून हाताने कॉपी-पेस्ट करून चालायचं. एका सूत्रात सरासरीने भागायच्या जागी बेरजेने भागलं गेलं आणि जोखीम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसत राहिली.

या दोन गोष्टी लोक ‘एक्सेल वाईट’ असं सांगायला वापरतात. मला तसं वाटत नाही. पहिल्या ठिकाणी ‘किती ओळी पाठवल्या आणि किती पोचल्या’ हा ताळा रोज कुणी घातला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. दुसऱ्या ठिकाणी एखाद्या जुन्या महिन्याचे आकडे नव्या शीटमधून काढून हाताने पडताळले असते तर भागाकाराची चूक लपली नसती. ताळा आणि दुसरी नजर, या दोन गोष्टी महागड्या सॉफ्टवेअरमध्येही आपोआप येत नाहीत.

तुमच्या कारखान्यात असे प्रकार कुठे दडलेले असतील ते सांगते. लॅबच्या बॅच नंबरांपासून सुरू करा. एखादा बॅच ‘२५ई०३’ असा असेल तर एक्सेल त्यातल्या इंग्रजी ई अक्षराला घातांक समजते आणि त्याचे पंचवीस हजार करते. ‘३-१२’ लिहिलं की तारीख होते. सुरुवातीचं शून्य गळतं. हे इतकं जागतिक दुखणं आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावंच बदलली, कारण मार्च आणि सप्टेंबर महिन्यांसारखी दिसणारी त्यांची चिन्हं एक्सेल तारखा करून टाकायची. एचआरच्या पगाराच्या फाइलमध्ये बँक खाते क्रमांक बघा. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपते, सोळाव्यापासून पुढे शून्य घालते, आणि आपल्याकडे काही बँकांचे खाते क्रमांक त्याहून लांब असतात. माहिती चिकटवण्याच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करून ठेवला तर हे टळतं. चिकटवल्यावर केला तर गेलेले अंक परत येत नाहीत. हे एचआरच्या मुलांना पाच मिनिटांत दाखवता येतं. मी सुरुवात नेहमी अशाच एखाद्या उपयोगी गोष्टीने करते. पहिल्या भेटीत त्यांना आपल्याकडून काही मिळालं की दुसऱ्या भेटीत ते स्वतःहून फाइल उघडून दाखवतात.

आता शोध कसा घ्यायचा. फायरवॉलच्या नोंदी काढून कोण कुठल्या साइटवर जातं ते पाहता येईल, आणि तेही करा, पण त्यात डिस्पॅचचं शीट दिसणार नाही. सगळ्यांना फॉर्म पाठवला तर निम्मे रिकामे येतील, कारण लोक तिला ‘सिस्टीम’ म्हणतच नाहीत, ‘आपली फाइल’ म्हणतात. मी महिन्याच्या तारखा धरून चालते. ७ तारखेच्या आधी टीडीएस, ११ ला जीएसटीचं विवरणपत्र जीएसटीआर-१, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी. या प्रत्येक तारखेच्या आदल्या दोन दिवशी त्या विभागात जाऊन बसा आणि नुसतं बघा, कुठली फाइल उघडली जाते, तिच्यात आकडे कुठून येतात. पगाराच्या आकड्याचा माग काढत गेलात की हजेरीच्या ॲपपर्यंत पोचाल, तिथून कंत्राटदाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तिथून गेटवरच्या रजिस्टरपर्यंत. त्यासोबत अकाउंट्सकडून गेल्या वर्षभराची कार्डाने झालेली आणि परतफेड घेतलेली सॉफ्टवेअरची बिलं मागून घ्या. विभागप्रमुखाने स्वतःच्या कार्डावर घेतलेली वर्गणी तिथेच सापडते.

प्रत्येक ठिकाणी मी पहिल्यांदा एकच प्रश्न विचारते: ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो?

वागळे इस्टेटच्या एका कंपनीत हा प्रश्न आधी कुणी विचारला नव्हता. एचआरच्या ज्या ताईंनी हजेरीचं ॲप सुरू केलं त्या नोकरी सोडून गेल्या. सगळं रीतसर झालं होतं, लॅपटॉप परत, ओळखपत्र परत. महिनाअखेर हजेरी उतरवायला गेल्यावर कळलं की ॲडमिनचं लॉगिन त्यांच्या खासगी नंबरवर आहे. त्या गावी लग्नात होत्या, फोनला रेंज नाही. व्हेंडर म्हणाला, नोंदणीकृत नंबरवरूनच विनंती हवी. दोन दिवस पगार थांबला, आणि तो कंत्राटी कामगारांचाही होता, ज्यांच्या घरी दोन दिवसही मोठे असतात. पोर्टलांचीही हीच कथा: जीएसटी, ईपीएफओ, ई-वे बिल, सगळ्यांचे नंबर आणि ईमेल तपासा. डिजिटल सहीचं डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि त्याची मुदत कधी संपते तेही लिहून घ्या. कंपनीच्या नावाचं एक सिमकार्ड आणि एचआर, अकाउंट्स अशा विभागांच्या नावाचे ईमेल पत्ते, एवढ्यावर यातलं बरंच सुटतं.

मग बाकीचं. उद्या सकाळी दहाला ही फाइल उघडली नाही तर कोण अडेल, आणि किती वाजेपर्यंत चालवून घेता येईल? बनवणाऱ्याशिवाय दुसरं कोण ती चालवू शकतं? आत कुणाची माहिती आहे, माणसांची, ग्राहकांची की फक्त मालाची? यांची उत्तरं एका पानावर लिहा, पंचवीस रकान्यांचा फॉर्म करू नका. मोठा फॉर्म कुणी भरत नाही, आणि भरला तर खरं लिहीत नाही.

लोक खरं सांगतील का, ही तुमची काळजी असणार. नवी मुंबई महापालिका मालमत्ता कराच्या थकबाकीला अभय योजना काढते, तशीच इथे काढा. साहेबांच्या सहीने एक पत्र: अमुक तारखेपर्यंत जो विभाग आपली फाइल, ॲप, शीट सांगेल, त्याला कुणी जाब विचारणार नाही आणि विचारल्याशिवाय ती बंद केली जाणार नाही. दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि ते पाळलंच पाहिजे. एका विभागाची फाइल तुम्ही दिलेला शब्द मोडून काढून घेतलीत तर बातमी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कारखान्यात पोचेल आणि पुढची पाच वर्षं तुम्हाला कुणी काही दाखवणार नाही.

जबाबदारी कशी वाटायची यावर मी बऱ्याच ठिकाणी वाद घातलाय, म्हणून इथे जरा ठाम बोलते. फाइलमधले नियम, आकड्यांचा खरेपणा, बदल केव्हा करायचा, हे विभागाचं. कुठल्या पार्टीला चारनंतर माल चालत नाही हे आयटीला कधीच कळणार नाही, आणि ते दर महिन्याला बदलतं. आयटीने घ्यायचं ते लॉगिन, बॅकअप, ईआरपीशी जोडणी, आणि माणूस किंवा व्हेंडर गेला तर माहिती बाहेर काढण्याची वाट. विभागाकडून आयटीने दोन गोष्टी हट्टाने मागाव्यात: त्या फाइलचा एक नाव असलेला मालक आणि एक नाव असलेला दुसरा माणूस. ‘डिस्पॅच विभाग’ हा मालक होऊ शकत नाही. रजेवर, दवाखान्यात, लग्नात जातो तो माणूस, म्हणून नाव माणसाचंच हवं.

बॅकअपबद्दल एक आठवण. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली होती. पावण्याच्या एका लॅबमध्ये त्या वेळी ॲक्सेसची फाइल उघडी होती आणि त्या पीसीला यूपीएस नव्हता. वीज आल्यावर फाइल उघडेना. लॅबच्या मॅडम अतिशय शिस्तीच्या. म्हणाल्या, काळजी नको, दर शनिवारी मी पेन ड्राइव्हवर कॉपी घेते. पेन ड्राइव्ह लावला तर प्रत्येक शनिवारची फाइल एका केबीची. त्या इतके महिने डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटची कॉपी घेत होत्या. त्यांना रडू आवरेना, आणि चूक त्यांची नव्हतीच. घेतलेली कॉपी एकदा उघडून बघा, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते आयटीचं काम होतं. छापून ठेवलेल्या चाचणी प्रमाणपत्रांवरून आम्ही नोंदी परत भरल्या, चार माणसं तीन आठवडे. म्हणून तिमाहीत एकदा, विभागाच्या माणसाला शेजारी बसवून, बॅकअपमधली फाइल दुसऱ्या पीसीवर उघडायची आणि कालची एक नोंद त्यात शोधायची. सापडली तरच बॅकअप आहे असं लिहायचं.

तुमच्या लॅबच्या ॲक्सेसलाही २ जीबीची मर्यादा आहे, आणि प्रमाणपत्रांचे फोटो आत साठवत असतील तर ती लवकर येते. ॲक्सेसमधले फॉर्म आणि रिपोर्ट जसेच्या तसे ठेवून मागचे टेबल एसक्यूएल सर्व्हर या मोठ्या डेटाबेसवर नेता येतात; मॅडमना स्क्रीन तीच दिसते, माहिती मात्र सुरक्षित जागी जाते. बरेचदा एवढंच पुरतं आणि कुणाला नवं काही शिकावं लागत नाही. लॅबमधल्या उपकरणांना जोडलेले जुने पीसीही बघा. विंडोज ७ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये, पण वीस लाखांचं उपकरण नव्या विंडोजवर चालत नसेल तर लॅब तो पीसी बदलणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. असा पीसी इंटरनेटपासून तोडा, नेटवर्कमध्ये वेगळा करा, तिथून फाइल बाहेर काढायचा एकच ठरलेला मार्ग ठेवा.

काही गोष्टी मात्र विभागाकडे एकट्या सोडू नका. पैसे बाहेर जातात त्या, कायद्याला दाखवायचा आकडा तयार होतो त्या, आणि माणसांची खासगी माहिती असते त्या. एचआरचं ॲप चेहरा ओळखून हजेरी घेत असेल तर साडेतीनशे माणसांचे चेहरे, पत्ते, मोबाइल नंबर एका परक्या कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती व्हेंडरकडे असली तरी जबाबदारी तुमच्या कंपनीचीच राहते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत दिली, म्हणजे तयारीचा काळ हाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि सिस्टीमचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. जे ॲप आयटीला माहीतच नाही त्याची घटना सहा तासांत कोण कळवणार? तसंच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा ऑडिट ट्रेल (कोणी, कधी, काय बदललं याची नोंद) लागतो. डिस्पॅचच्या शीटवरून थेट बिलं बनत असतील तर ते कुठपर्यंत चालेल, हे तुमच्या ऑडिटरना आत्ताच विचारा, मार्चमध्ये नको.

सेल्सच्या गूगल शीटबद्दल फार लिहीत नाही. खासगी खात्यावरून कंपनीच्या खात्यावर हलवा, ‘लिंक असलेल्या कुणालाही’ दिसते का ते तपासा, सोडून गेलेल्यांची नावं काढा. दोन तासांचं काम आहे. त्याच बैठकीत हेही विचारा की कोटेशन किंवा ग्राहकाचा करार कुणी खासगी चॅटबॉटमध्ये चिकटवतं का. चिकटवत असतीलच, रागावू नका, कंपनीच्या खात्यावर काय वापरता येईल ते द्या आणि काय बाहेर जाऊ नये ते चार ओळींत सांगा.

आता साहेब. त्यांच्या मागणीमागची काळजी योग्य आहे. स्टोअरचा साठा एक, डिस्पॅचचा दुसरा, ईआरपीचा तिसरा, असं ज्यांच्यासमोर येतं ते वैतागणारच. त्यांना ‘नाही’ म्हणू नका. पहिल्या महिन्याअखेर एक पान त्यांच्यासमोर ठेवा: किती फाइल आणि ॲप सापडली, प्रत्येकाचा मालक कोण, दुसरा माणूस आहे की नाही, ओटीपी कुणाकडे, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला. ‘दुसरा माणूस’ या रकान्यातल्या रिकाम्या जागा बघून त्यांचा विषय आपोआप बदलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. मग त्यांच्याकडून दोन निर्णय घ्या. साठ्याचा आकडा कुठल्या एका ठिकाणचा खरा मानायचा, हा पहिला. बाकीच्या शीटनी तो तिथून फक्त वाचायचा, स्वतः लिहायचा नाही. ईआरपीतून रोज सकाळी तो शीटमध्ये आपोआप उतरेल अशी जोडणी पॉवर क्वेरीने (एक्सेलमधल्याच एका सोयीने) तुम्ही आठवड्याभरात करू शकाल. दुसरा निर्णय काकांच्या वेळेचा.

कारण मार्च जवळ आहे आणि तुमच्या यादीत सगळ्यात आधी तीच फाइल हवी. आठवड्यातून दोन दिवस दुपारी चार ते सात, गेटवर गर्दी असते तेव्हा, लॅपटॉप न घेता काकांच्या शेजारी जाऊन बसा. प्रश्न कमी विचारा. त्यांनी एखाद्या ओळीचा रंग बदलला की तेवढंच विचारा, काका, हे आत्ता का बदललंत? उत्तर वहीत लिहा. तीन-चार आठवड्यांत त्या फाइलचे नियम तुमच्याकडे त्यांच्याच शब्दांत असतील. त्यातले कुठले ईआरपीत जाऊ शकतात आणि कुठले जाऊ नयेत हे तेव्हा कळेल. आज तुम्ही किंवा मी ते सांगू शकत नाही. मॅक्रोला पासवर्ड असेल तर तो याच काळात मागून घ्या, शेवटच्या दिवशी निरोप समारंभात नको. आणि दुसऱ्या माणसाचं नाव काकांनाच सुचवू द्या. त्यांनी निवडलेल्या माणसाला ते मनापासून शिकवतील, तुम्ही नेमलेल्याला कदाचित नाही. डिसेंबरची तिमाहीअखेर त्या माणसाने एकट्याने काढायची, काका त्याच खोलीत असताना, माउसला हात न लावता. त्या संध्याकाळी जिथे जिथे त्याला मान वळवून काकांना विचारावं लागेल, तिथे तिथे तुमच्या वहीत एक ओळ वाढवा.